दुसऱ्यांच्या पटावर

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात ओवारे नावाचा खेळ घरोघरी खेळतात. लाकडी पाटावर सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी, प्रत्येक खळग्यात चार बिया, एकूण ४८. आपल्या ओळीतल्या एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन बिया झाल्या, की त्या आपल्या. ज्याच्याकडे २५ बिया जमल्या तो जिंकला. एवढं दहा मिनिटांत समजतं. पण यात आणखी एक नियम आहे. समोरच्याची ओळ पूर्ण रिकामी झाली, तर तुम्हाला अशीच चाल करावी लागते, जिच्यामुळे त्याच्याकडे बिया जातील. शक्य असताना त्याला उपाशी ठेवणं हा नियमभंग ठरतो.

तमिळनाडूतली पल्लांगुळी याच कुळातली. सात-सात खळगे, चिंचोके किंवा कवड्या, आणि तशीच पेरणी. पण हा खेळ एका डावात संपत नाही. पहिल्या डावात ज्याच्या हाती कमी बिया लागल्या, त्याला त्यांतून जेवढे खळगे भरता येतील तेवढेच पुढच्या डावात खेळात राहतात. त्याचे बाकीचे खळगे बंद होतात. दुसरा डाव तो तुटीतूनच सुरू करतो. हात चांगला चालला तर बंद पडलेले खळगे सोडवून घेतो. नाही चालला, तर डावागणिक आक्रसत जातो आणि शेवटी त्याच्याकडे पेरायला काही उरत नाही.

हे दोन खेळ पाचवीच्या मुलांना पाठोपाठ शिकवले, तर प्रश्न मुलांकडूनच येतात. समोरच्याला भरवायचं बंधन घातलं तर जो नीट खेळला त्याच्यावर अन्याय होत नाही का? मागच्या डावातली तूट पुढच्या डावात का न्यायची? सगळ्यांनी पुन्हा सारख्या बियांनी सुरुवात का करू नये? कर्ज, वारसा, मदत, स्पर्धा या गोष्टींबद्दल मोठी माणसं आयुष्यभर भांडतात. इथे त्या दोन ओळींच्या पाटावर समोर येतात आणि ज्याचे खळगे बंद झालेत त्याला त्या बोचतातही. नागरिकशास्त्राच्या धड्याखालचे स्वाध्याय असं बोचत नाहीत.

वेगवेगळ्या संस्कृतींचे पारंपरिक पटखेळ शाळेत शिकवले जावेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं मुख्य कारण मला इथे दिसतं. परक्या समाजाचं नृत्य बघता येतं, पदार्थ चाखता येतो, पोशाख अंगावर चढवून फोटो काढता येतो. त्यात आपण पाहुणेच राहतो. खेळात ही सोय नाही. पटावर बसायचं, तर त्या लोकांनी ठरवलेलं बरोबर आणि चूक अर्धा तास का होईना पुरतं मान्य करावं लागतं. त्यांच्या नियमांत राहून विचार करावा लागतो, त्यांच्या नियमांनी हरावं लागतं. दुसऱ्या समाजाच्या मनाच्या इतक्या आत, इतक्या कमी खर्चात आणि इतक्या लहान वयात नेणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून, त्यांच्याबरोबर खेळून, मुलांची नैतिक समज कशी घडते याचा शोध घेतला. १९३२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातलं एक निरीक्षण आजही उपयोगी आहे. लहान मुलांना खेळाचे नियम अढळ वाटतात. वडीलधाऱ्यांनी किंवा देवानेच ते घालून दिले असावेत, बदलले तर पाप, अशी त्यांची समजूत असते. वय वाढतं तसं मुलांच्या लक्षात येतं की नियम माणसांनी आपसांत ठरवलेले असतात आणि सगळ्यांची संमती असेल तर ते बदलता येतात. गंमत अशी, की हे कळलेली मुलं नियम जास्त काटेकोरपणे पाळतात, कारण आता ते त्यांचे स्वतःचे झालेले असतात.

एकाच कुळातले चार खेळ चार प्रदेशांत चार तऱ्हांनी खेळले जातात हे मुलाने स्वतः खेळून पाहिलं, तर हीच समज त्याला हाताला लागल्यासारखी मिळते. खळगे तेच, बिया त्याच, तरीही घानात एक नियम आणि तमिळनाडूत दुसरा. झांझिबारमध्ये याच कुळातला बाओ खेळतात. त्यात चार ओळी, बत्तीस खळगे आणि इतके बारकावे, की नवख्याला बराच काळ फक्त बघत बसावं लागतं. बाओ तिथे प्रामुख्याने पुरुषांचा खेळ आहे, घराबाहेरच्या ओट्यावर बसून खेळायचा. पल्लांगुळी दक्षिण भारतात बायकांची, घरातल्या माजघराची. ‘हा मुलींचा खेळ आहे’ असं म्हणून बाजूला होणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ही माहिती पुस्तकात वाचून फारसा फरक पडणार नाही. बाओचे खळगे मांडून तो स्वतः अडकला की पडेल.

इथे मला एका मोठ्या गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो या विषयाच्या हितचिंतकांनीच पसरवला आहे. पटखेळ शाळेत आणायचे म्हटलं की लगेच सांगितलं जातं : यांनी गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, बुद्ध्यांक वाढतो. पालकांना पटवायला हे सोपं जातं. पण ते टिकत नाही. बुद्धिबळाच्या बाबतीत याची नीट परीक्षा झाली आहे. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत, नऊ-दहा वर्षांच्या चार हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी घेतली गेली. निम्म्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी वर्षभर, सुमारे ३० तास, बुद्धिबळ शिकवलं. वर्षानंतर गणिताचे गुण तपासले तेव्हा बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या शाळांत फरक आढळला नाही. २०१६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. फर्नां गोबे आणि जोव्हानी साला या संशोधकांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासून हेच बजावलं आहे, की संशोधनाची रचना जितकी काटेकोर, तितका हा फायदा विरत जातो. बुद्धिबळाने माणूस बुद्धिबळात तरबेज होतो. तेवढ्यावरून तो अपूर्णांकांत तरबेज होत नाही.

मला या निष्कर्षांचं दुःख वाटत नाही, उलट सुटका वाटते. आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचं केलं. त्या छोट्या देशाला तिग्रान पेट्रोस्यानपासून लेव्हॉन अरोनियनपर्यंतच्या खेळाडूंचा अभिमान आहे, आणि बुद्धिबळ हा आपल्या सार्वजनिक आयुष्याचा भाग आहे असं तिथले लोक मानतात. हे कारण पुरेसं आहे. आपण गाणं शिकवतो ते गाण्यासाठी, चित्र शिकवतो ते चित्रासाठी. किमान तसं शिकवावं असं मान्य तरी करतो. खेळावर मात्र गुणपत्रिकेचं ओझं टाकतो. गुण वाढले नाहीत की मग तो खेळ वेळापत्रकातून काढून टाकायला निमित्त मिळतं. ज्यांना हे खेळ शाळेत रुजवायचे आहेत, त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे सांगावं, की यांचा गणिताशी फारसा संबंध नाही. माणसं समजून घेण्याशी आहे.

माणसं समजून घ्यायची म्हणजे कोणती? महाराष्ट्रातल्या वर्गात वेगळी संस्कृती भेटायला घाना गाठावं लागत नाही. सोलापूरच्या विणकर वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोललं जातं. पल्लांगुळीचं तेलुगू भावंड म्हणजे वामनगुंटलू. तिथल्या एखाद्या घरात आजीला तो खेळ येत असण्याचा संभव दाट आहे. सीमाभागातल्या कन्नड घरांत त्यालाच अळिगुळि मणे म्हणतात. पुण्या-मुंबईच्या महापालिका शाळांत बांधकामावरच्या मजुरांची, इस्त्रीवाल्यांची, नेपाळी पहारेकऱ्यांची मुलं शिकतात. यांतली कित्येक मुलं वर्गात गप्प असतात. त्यांना मराठी कळायला वेळ लागतो, आणि तोवर ‘याला अजून नीट येत नाही’ हीच त्यांची ओळख बनून जाते. ती ओळख पुढे पुसणं अवघड असतं.

अशा वर्गात नेपाळी मुलाला बाघचाल मांडायला सांगावं. फरशीवर खडूने पाच-पाच बिंदूंची जाळी आणि तिरक्या रेषा काढायच्या. चार कोपऱ्यांत चार वाघ. वीस शेळ्या हातात. त्या एकेक करून पटावर ठेवायच्या आणि सगळ्या ठेवून होईपर्यंत एकही हलवायची नाही. वाघ शेळीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच शेळ्या गेल्या की वाघांची जीत. शेळ्यांनी चारही वाघांची वाट अडवली की शेळ्यांची. हे शिकवायला फार भाषा लागत नाही. बोट, नजर, एक-दोन चुकीच्या चाली आणि ‘असं नाही, असं’ एवढ्यात काम होतं. ज्या मुलाला वर्गात विचारण्यासारखं काही नाही असं समजलं जात होतं, त्याच्याकडे आता सगळा वर्ग विचारायला येतो. शिक्षकसुद्धा येतात, कारण त्यांनाही खेळ येत नसतो. शिक्षकाने विद्यार्थ्याकडून खरोखर काही शिकावं असे प्रसंग आपल्या शाळांत किती येतात? हा त्यांतला एक, आणि तो बेतलेला नसतो.

बाघचाल मला आणखी एका कारणासाठी मोलाचा वाटतो. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचं सैन्य सारखं असतं, त्यामुळे लढत समबलांची असते. इथे तसं नाही. एकाकडे चार बलवान, दुसऱ्याकडे वीस दुबळे. वाघ घेऊन खेळणाऱ्याला सुरुवातीला मजा वाटते, दर दोन-तीन चालींनी शिकार मिळते. मग शेळ्या घेणारा हळूहळू शिकतो की शेळीच्या मागे शेळी उभी असली तर वाघाला उडी मारायला जागा उरत नाही. एकटी शेळी मरते; ओळीत उभी राहिलेली वाचते आणि शेवटी वाघाला जखडते. एक डाव वाघाचा, एक शेळ्यांचा असं आलटून पालटून खेळलेल्या मुलाने बळाच्या दोन्ही बाजू आतून पाहिलेल्या असतात. आपल्याकडे वाघ-शेळी किंवा वाघ-बकरी म्हणतात तो याच जातीचा, आणि तमिळनाडूतला आडुपुलि आट्टम तीन वाघ आणि पंधरा शेळ्यांचा. गुराखी जिथे कळप राखतात आणि रानात वाघ असतो, तिथे हा खेळ सुचला यात नवल नाही. युरोपात वाघाच्या जागी कोल्हा आला आणि शेळ्यांच्या जागी हंस.

पूर्व आशियातले खेळ याहून वेगळ्या वाटेने जातात. जपानी शोगीत मारलेलं मोहरं पटाबाहेर जात नाही. ते तुमचं होतं आणि पुढे तुम्ही ते तुमच्या बाजूने पटावर उतरवू शकता. चीनमध्ये जन्मलेला आणि जपान-कोरियात वाढलेला गो रिकाम्या पटावर सुरू होतो. शत्रूला संपवायचं नसतं, त्याच्यापेक्षा थोडी जास्त जागा वेढायची असते. ताकदवान खेळाडू नवख्याला दोनपासून नऊपर्यंत खडे आधीच ठेवू देतो, म्हणजे दोघांनाही खरी लढत मिळते. २०१६ मध्ये सोलमध्ये संगणकाने गोचा अव्वल खेळाडू ली सेडॉल याला चार विरुद्ध एक असं हरवलं तेव्हा हा खेळ जगभर चर्चेत आला. मला मात्र गोच्या बाबतीत यासुतोशी यासुदा यांचं काम त्याहून मोठं वाटतं. जपानचे हे व्यावसायिक खेळाडू १९९० च्या दशकात शाळकरी मुलांच्या छळाच्या बातम्यांनी अस्वस्थ झाले. त्यांनी गोचा अगदी सोपा अवतार, जो आधी एक खडा पकडेल तो जिंकला एवढाच, बालवाड्यांत आणि शाळांत नेला. खेळाडू तयार करणं हा त्यामागचा उद्देश नव्हता. एकमेकांशी न बोलणाऱ्या मुलांना समोरासमोर बसवणं, एकाने केलेल्या चालीला दुसऱ्याने उत्तर देणं, एवढंच त्यांना हवं होतं. पुढे त्यांनी हाच खेळ वृद्धाश्रमांत आणि अपंग मुलांच्या शाळांतही नेला.

आता सगळ्यात जोराच्या आक्षेपाकडे येतो. आपलेच खेळ मरायला टेकले आहेत. सारीपाट, नवकंकरी, चल्लस-आठ किती मुलांना येतात? अशा वेळी परक्यांचे खेळ कशाला? ही तळमळ खरी आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे. सुरुवात आपल्या अंगणातूनच व्हावी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या करमणुकींचं वर्णन करताना पटखेळांना जागा दिली. आपल्या लेण्यांच्या ओसऱ्यांत, गडांवरच्या कातळात, देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेले पट आजही दिसतात आणि सहलीला गेलेली मुलं त्यांवरून पाय देऊन पुढे जातात, कारण ते काय आहे हे सांगणारं कोणी नसतं. याची खंत वाटलीच पाहिजे.

पण आपलं काय होतं हे कळायलासुद्धा दुसऱ्याचं बघावं लागतं. लुडो घ्या. आज तो मुलांच्या फोनमध्ये आहे. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, आणि तो आपल्या पचीसवरून बेतलेला आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यात काय गाळलं गेलं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पचीस चौघांचा खेळ असला तरी बाजू दोनच. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. माझ्या सगळ्या सोंगट्या घरी पोचल्या म्हणून मी जिंकत नाही. भिडूच्याही पोचाव्या लागतात. त्यामुळे पुढे गेलेला खेळाडू मागे राहिलेल्याच्या वाटेवर लक्ष ठेवतो, त्याच्यासाठी अडसर होऊन बसतो, स्वतःची चाल सोडूनही देतो. लुडोने भिडू काढून टाकला. चौघे चार दिशांनी एकटे धावतात. मोक्षपटाचंही असंच झालं. मराठी परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. त्याच्या जुन्या पटांवर घराघराला गुण-दोषांची, स्वर्ग-नरकासारख्या लोकांची नावं होती, आणि बहुतेक पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक होते, कारण मोक्षाची वाट सोपी नाही असंच त्यातून सांगायचं होतं. इंग्लंडमधून सापशिडी होऊन परत आला तेव्हा त्यातलं हे सगळं गेलं होतं आणि फाशाचं दान तेवढं राहिलं होतं. ज्या मुलाने लुडो आणि पचीस दोन्ही खेळून पाहिले, त्याला आपल्या खेळाचं मोल आपोआप कळतं. नुसतं ‘हा आपला प्राचीन वारसा आहे’ असं सांगून ते कळत नाही.

शिवाय केवळ अभिमानावर भिस्त ठेवली तर खोटं बोलण्याचा मोह होतो. सगळे खेळ इथेच जन्मले असं मुलांना सांगणारे लोक आहेत. बुद्धिबळाचं मूळ भारतात आहे याला भक्कम आधार आहे. पण इजिप्तमधला ‘सेनेत’ हा पटखेळ त्याच्याहून हजारो वर्षं जुना आणि मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या थडग्यांत सापडलेला पट इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराचा. त्या उरच्या पटाची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. लिओनार्ड वूली याने १९२० च्या दशकात तो उकरून काढला तेव्हा नियम कोणालाच माहीत नव्हते. ब्रिटिश म्युझियममधले आयर्विंग फिंकेल यांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवरून ते उलगडले. पुढे त्यांना कळलं की तशाच वीस घरांच्या पटाचा खेळ कोचीच्या ज्यू समाजात विसाव्या शतकापर्यंत खेळला जात होता. तिथून इस्रायलला गेलेल्या एका वृद्ध शिक्षिकेला तो आठवत होता. मेसोपोटेमियातला खेळ केरळमधल्या आजीने जपला. तो भारतीय म्हणायचा की परका?

नवकंकरीलाही हाच प्रश्न विचारता येईल. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. तोच पट इंग्लंडच्या कँटरबरी आणि सॅलिसबरी कॅथेड्रलच्या ओवऱ्यांतल्या दगडी बाकांवर कोरलेला आहे. त्याच पटात चार तिरक्या रेषा वाढवून दक्षिण आफ्रिकेत मोराबाराबा खेळतात. तिथे प्रत्येकाच्या बारा सोंगट्या म्हणजे बारा गाई, आणि तीन गाई एका ओळीत आल्या की समोरच्याची एक गाय हिसकावून घ्यायची. गोधन हीच संपत्ती मानणाऱ्या समाजाने या पटात स्वतःचं आयुष्य भरलं आहे. आणि ओवारेच्या बिया? कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी हा खेळ सोबत नेला. अँटिग्वात त्याला वारी म्हणतात. तिथे ज्या करड्या, गुळगुळीत, टणक बियांनी तो खेळतात, त्या आपल्या कोकणातल्या सागरगोट्याच्या. याच बिया झेलत आपल्या आज्या-पणज्या माजघरात सागरगोटे खेळल्या. सागरगोटा वर्गात आणून मुलांच्या तळहातावर ठेवला आणि या दोन खेळांबद्दल सांगितलं, तर भूगोलाचा आणि इतिहासाचा एक धडा तिथेच होऊन जातो, आणि गुलामगिरीचा विषयही टाळता येत नाही. तो टाळूही नये.

जुगाराचा आक्षेप जुना आहे. द्यूताने काय होतं हे महाभारत वाचलेल्या समाजाला सांगावं लागत नाही, आणि कवड्या-फासे घरात नकोत असं म्हणणारी वडील माणसं अजून आहेत. पण पणाला लावणं खेळात नसतं, खेळणाऱ्यांत असतं. आणि ओवारे, बाघचाल, गो, नवकंकरी यांत दान पडतच नाही. पटावर सगळं उघड असतं.

मला भीती वेगळीच वाटते. आपल्या शाळांना एखादी चांगली गोष्ट दिली की ती दोन रूपांत संपते. एक म्हणजे प्रदर्शन : ‘जगातील खेळ’ अशा फलकाखाली वीस टेबलं, वीस पट, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, प्रत्येक मुलाने प्रत्येक टेबलावर पाच मिनिटं. पाच मिनिटांत कुठलाही पट काहीही देत नाही. दुसरं म्हणजे स्पर्धा : आंतरशालेय, तालुका, जिल्हा, आणि त्यासाठी एकच ‘अधिकृत’ नियमावली. पारंपरिक खेळाचं बळच या गोष्टीत असतं, की गावागणिक तो थोडा बदलतो आणि दोन गावची मुलं खेळायला बसली की आधी कोणत्या नियमाने खेळायचं यावर घासाघीस होते. ती घासाघीस हा खेळाचा अर्धा भाग आहे. छापील नियमावली ती मारून टाकते. ‘आमच्याकडे असं खेळत नाहीत’ हे वाक्य वर्गात ऐकू आलं तर शिक्षकाने तिथे थांबावं, दोन्ही तऱ्हांनी डाव खेळवावा.

संदर्भही सोबत यायला हवा, पण व्याख्यान होऊन नव्हे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या तुळुनाडूत पल्लांगुळीचंच भावंड असलेला चेन्नेमणे आटी महिन्यात खेळतात. बाहेर धो-धो पाऊस, शेतातली कामं थांबलेली, माणसं घरात. हे मुलांना सांगायला दोन वाक्यं लागतात, आणि आषाढ-श्रावणातल्या आपल्या शनिवारी तो मांडला तर तीही लागत नाहीत.

तयारी फारशी नाही. फरशी, खडू, चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे खोके. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० खेळ आणि खेळण्यांतून शिकण्याबद्दल बोलतं, एनसीईआरटीने त्यावर हस्तपुस्तिका काढली आहे, आणि महाराष्ट्रात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. म्हणजे वेळ आणि परवानगी दोन्ही हाताशी आहेत. वर्षात चारच खेळ घ्यावेत, चाळीस नकोत. प्रत्येक खेळाला पाच-सहा शनिवार द्यावेत, म्हणजे मुलं नियमांच्या पलीकडे जाऊन डावपेचांपर्यंत पोचतील. एक खेळ आपल्या गावचा असावा, एक वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरचा, उरलेले दोन दूरचे. गुण देऊ नयेत, क्रमांक काढू नयेत. आणि शिक्षकांनी मुलांना शिकवण्याआधी स्टाफरूममध्ये निदान दहा डाव स्वतः खेळावेत. न खेळलेला खेळ शिकवता येत नाही.

जून महिन्यात शाळा उघडली की वर्गशिक्षकांनी मुलांना एकच गृहपाठ द्यावा : घरात सगळ्यात मोठं जे माणूस असेल त्याला विचारा, तुम्ही लहानपणी जमिनीवर कोणता पट आखायचात, आणि तो वहीत काढून आणा. ज्यांची आजी गावाला आहे त्यांनी फोन करावा. दक्षिणेकडून, बिहारमधून, नेपाळमधून आलेल्या मुलांच्या वह्या आधी बघाव्यात. त्या वह्यांतला एक पट पहिल्याच शनिवारी वर्गाच्या फरशीवर उतरवावा, आणि ज्याच्या घरचा तो आहे त्याने वर्गाला शिकवावा.